गावतळ्यात तरंगते वाफे सोडायचे म्हणतात. पैसे घालावेत का?

तळ्याकाठी :

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात एका बाजाराच्या गावात मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गावाच्या खालच्या अंगाला जुनं तळं आहे. भरलं की साधारण दहा एकर पाणी. वेशीच्या बाजूला घडीव दगडाचा घाट, पलीकडे बांध आणि सांडवा. पावसाचं पाणी वरच्या ओढ्यातून येतं. उन्हाळ्यात पाणी बरंच खाली जातं, पण अगदी कोरडं क्वचितच पडतं.

नळयोजना आली, घरोघरी संडास-न्हाणी झाली, ही चांगलीच गोष्ट. पण बाजारपेठेतली गटारं जोडत जोडत त्यांचा एक नाला झाला आणि तो सरळ तळ्यात सोडला गेला. सुमारे ३०० घरांचं पाणी त्यातून येतं. सेप्टिक टाक्यांचं वरचं पाणीही त्यातच. आता पावसाळा सरला की पाणी हिरवं होतं, आणि मार्चनंतर नाल्याच्या तोंडाशी काळं पडून कुजका वास येतो. गेल्या मे महिन्यात दोन वेळा पहाटे मासे पोट वर करून तरंगताना दिसले. दिवाळीनंतर जलपर्णी घाटापर्यंत येते. पंचायत जेसीबी लावून ती काढते आणि काठावरच ढीग घालते. पहिल्या पावसात त्यातलं बरंच काही परत पाण्यात जातं.

आता एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून) तरंगते वाफे बसवून देण्याचा प्रस्ताव पंचायतीला दिलाय. ४०० चौरस मीटर वाफे, तळ्याच्या मध्यभागी कमळाच्या आकारात, त्यावर कर्दळ आणि वाळा, रात्री दिवे. सादरीकरणात म्हणाले, सहा महिन्यांत पाणी पोहण्याजोगं होईल, नाला वळवायची गरज नाही. खर्चाचा काही भाग पंचायतीने द्यायचा आणि पहिल्या वर्षानंतर देखभालही पंचायतीनेच करायची.

माझा विरोध नाही. झाडांच्या मुळांनी पाणी साफ होतं हे मी वर्गात शिकवते. पण दहा एकरांच्या तळ्याला ४०० चौरस मीटर पुरतील का? नाला चालू ठेवून हे होईल का? येत्या ग्रामसभेत विषय आहे आणि बोलायला मलाच उभं करणार आहेत. तिथे निव्वळ मत नको, हिशेब मांडायचाय. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

पाणपाखरू :

ताई, पक्ष्यांच्या बाजूने एक मत नोंदवते. मी नाशिककडची, नांदूरमध्यमेश्वरला वरचेवर जाते. तिथे पक्षी एवढे का रमतात, तर उथळ पाणी, गाळाची बेटं आणि लव्हाळे, पाणकणसाची दाटी. तुमच्या तळ्याला एका बाजूला दगडी घाट आणि दुसऱ्या बाजूला बांध, म्हणजे कुत्र्या-मांजरांपासून लांब बसायला जागाच नाही. तरंगत्या वाफ्यावर टिबुकली आणि वारकरी ही पाणपाखरं घरटी करू शकतात, पाणकोंबड्या पिल्लांना घेऊन दडू शकतात. पाणी किती साफ होईल ते जाणकार सांगतील, पण एवढ्या एका कारणासाठीही थोडे वाफे असावेत असं मला मनापासून वाटतं. फक्त दिवे नकोत. रात्रीच्या उजेडाचा पक्ष्यांना त्रास होतो.

निवळी :

ताई, तुम्ही घरांचा आकडा दिलात, सेप्टिक टाक्यांचं सांगितलंत, त्यामुळे हिशेब मांडता येतो. मी मूळचा नांदेडचा. नोकरीची सगळी वर्षं हैदराबादेत मलशुद्धीकरण केंद्रावर गेली, आता निवृत्त आहे. तळी आणि नाले हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वाफा काम कसा करतो ते. तरंगणाऱ्या सांगाड्यावर रोप लावलं की मुळं मातीविना पाण्यात लोंबतात. महिन्या-दोन महिन्यांत त्यांची दाट झिपरी तयार होते आणि प्रत्येक मुळावर बुळबुळीत थर चढतो. हा थर जिवाणूंचा. खरं काम तोच करतो, झाड त्याला राहायला जागा देतं. पाण्यातला बारीक गाळ मुळांत अडकून खाली बसतो. सांडपाण्यातला अमोनिया जिवाणू आधी नायट्रेटमध्ये बदलतात, त्याला प्राणवायू लागतो. मग जिथे प्राणवायू नसतो अशा कोपऱ्यात दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) हेच शेवाळाचं आणि जलपर्णीचं खत. नत्राला अशी हवेत जायची वाट आहे, स्फुरदाला नाही. स्फुरद एक तर गाळात बसतं किंवा झाडाच्या अंगात जातं. झाड कापून तळ्याबाहेर नेलं तरच ते बाहेर गेलं. नाहीतर पानं सुकून परत पाण्यात पडतात आणि सगळं होतं तिथेच राहतं.

आता तुमचा हिशेब. ३०० घरं, घरटी साडेचार माणसं धरली तर १३५० माणसं. आपल्याकडच्या आहारावर एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण २.७ किलो नत्र बाहेर पडतं. त्यातलं बहुतेक लघवीतून, म्हणून सेप्टिक टाकीत ते फारसं अडत नाही, वरच्या पाण्याबरोबर निघून जातं. १३५० गुणिले २.७ म्हणजे वर्षाला साडेतीन टनांहून जास्त नत्र नाल्यावाटे तळ्यात येतं.

दुसऱ्या बाजूला वाफे. चांगली वाढलेली पाणवनस्पती नियमित कापली तर एका चौरस मीटरमागे वर्षाला ५० ग्रॅम नत्र बाहेर निघेल असं सढळ हाताने धरू. ४०० चौरस मीटरला २० किलो. जिवाणूंनी हवेत घालवलेलं त्याच्या दहापट धरलं, तरी बेरीज सव्वादोनशे किलोच्या आतच राहते. येणारं साडेतीन हजार, जाणारं सव्वादोनशे. ग्रामसभेत एवढे दोन आकडे फळ्यावर लिहा, लोकांना समजेल.

दुसरी अडचण प्राणवायूची. अमोनियाचं नायट्रेट व्हायला प्राणवायू हवा असं वर म्हटलं. तुमच्या नाल्याच्या तोंडाशी पाणी काळं आणि कुजकं आहे, म्हणजे तिथे तो उरलेलाच नाही. मग पहिली पायरीच अडते, आणि वाफा हिरवागार दिसला तरी खालचं पाणी आहे तसंच राहतं. झाडाची तब्येत पाहून पाण्याची तब्येत ठरवू नये. सांडपाण्यावर कर्दळ उत्तमच वाढते.

हे वाचून वाफे निरुपयोगी आहेत असं कोणी समजू नये. आमच्याकडे हैदराबादेत मणिकोंड्याजवळ नेकनामपूरचा तलाव आहे. तिथे ध्रुवांश नावाच्या संस्थेने २ फेब्रुवारी २०१८ ला, जागतिक पाणथळ दिनाला, ३००० चौरस फुटांचं तरंगतं बेट पाण्यात सोडलं. बांबूचा सांगाडा, थर्मोकोल, गोणपाट, वर खडी. माती नाही. साधारण ३५०० रोपं : वाळा, कर्दळ, पाणकणीस, सिट्रोनेला गवत, जास्वंद, तुळस, अश्वगंधा. देशातलं सर्वांत मोठं तरंगतं बेट म्हणून तेव्हा त्याची नोंदही झाली. पण ३००० चौरस फूट म्हणजे २८० चौरस मीटरसुद्धा नाही, तुमच्या प्रस्तावापेक्षा लहानच. आणि जलपर्णी, कचरा उपसायचं काम तिथल्या लोकांनी बेटाच्या आधीपासून धरलं होतं. बेटाचे फोटो सगळीकडे फिरले, उपशाचे फिरले नाहीत.

तेव्हा माझं सांगणं असं : नाल्याचं पाणी तळ्यात शिरण्याआधी काठावरच अडवा आणि साफ करा. त्यानंतर तळ्यात जे जुनं साठलेलं आहे त्यासाठी थोडे वाफे, तेही मध्यभागी नव्हे, नाल्याच्या मुखाजवळ आडवे. मध्यभागी कमळ केलं तर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं, मुळांतून जातच नाही. शोभेची जागा आणि कामाची जागा इथे वेगळ्या आहेत.

तळ्याकाठी :

निवळीकाका, फार फार आभार. साडेतीन टन वाचून मी वही घेऊन पुन्हा गुणाकार केला. बरोबर आहे.

दोन गोष्टी विचारते. काठावर साफ करायचं म्हणजे मोठा प्लांट ना? आमच्याकडे वीज तासातासाला जाते, ऑपरेटर कोण ठेवणार? आणि जलपर्णी. तीसुद्धा तरंगतीच वनस्पती, तीही नत्र ओढते. मग तिला आपण शत्रू का मानतो आणि कर्दळीला मित्र का? मुलांनी वर्गात हाच प्रश्न विचारला होता आणि मला पूर्ण उत्तर देता आलं नव्हतं.

अजून एक. तळ्यात मासेमारी संस्थेचा ठेका आहे. भोईवाड्यातली सात-आठ कुटुंबं त्यावर आहेत. प्रस्तावात त्यांचं नावही नाही.

ढिवरपोर :

मॅडम, शेवटचं वाचून लिहायला बसलो. मी भंडारा जिल्ह्यातला, ढिवर समाजाचा. आमच्याकडे मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव) आणि बोड्या (लहान तळी) आहेत, घराणं त्याच्यावरच जगत आलं.

वाफे टाकायचे असतील तर संस्थेच्या लोकांना आधी बोलवा. जाळं ओढायची वाट ठरलेली असते. तिथे वाफे जागेवर धरणाऱ्या नांगराचे दोर आले तर जाळं फाटते, आणि एका जाळ्याची किंमत एका घराच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईएवढी असू शकते. दुसरं, तळ्यात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडलेला आहे का ते विचारा. असला तर तो लोंबती मुळं खाऊन टाकेल. त्याला तेच तर पाहिजे असते. वाफ्याच्या खालून आणि बाजूने जाळी लावावी लागेल.

फायदाही आहे, तो सांगतो. सावली आणि मुळं असली की बारीक मासोळी तिथे लपते, बगळ्यापासून वाचते. आमच्याकडे जुने लोक सांगत, तलावात वनस्पती कोणती आहे ते पाहा, मग मासोळी सांगतो. मधल्या काळात बेशरम नावाचं झुडूप माजलं, तलावाचे काठ उघडे पडले, देशी मासोळ्या कमी झाल्या. मग भंडारा-गोंदियात आमच्याच लोकांनी बेशरम उपटून, तलावाचा भाग नांगरून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासोळ्या परत आल्या. त्या वनस्पती तरंगत्या सांगाड्यावर नव्हत्या, तलावाच्या तळात लावल्या होत्या. तुमच्या तळ्यातही उथळ भाग असेलच. तो हिशेबात घ्या. तिथे सांगाडा, दोर, ड्रम काही लागत नाही. कोणती वनस्पती कुठे लागेल ते भोईवाड्यातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांना माहीत असते.

पहाटे मासे मरून राहिले म्हणता, ते प्राणवायूचंच. हिरवं पाणी रात्रभर श्वास घेते, सूर्य निघेपर्यंत सगळं संपलेलं असते.

दूरदेशी :

मी पुण्याची, सध्या अमेरिकेत बाल्टिमोरला असते. इथल्या बंदरातल्या तरंगत्या पाणथळीबद्दल लिहिते, कारण देखभाल पंचायतीकडे येणार आहे हे वाचून मला काळजी वाटली.

इथल्या राष्ट्रीय मत्स्यालयाने २०१० पासून बंदराच्या पाण्यात छोटे छोटे तरंगते वाफे सोडून पाहिले. पहिल्या पद्धतीत एक अडचण हळूहळू कळली : वाफा जड होत जातो. झाडं वाढतात, मुळं वाढतात, खालून शिंपले आणि इतर जीव चिकटतात, गाळ साठतो, आणि पृष्ठभागावर असायला हवा तो वाफा हळूहळू पाण्याखाली जायला लागतो. म्हणून नंतरच्या रचनेत तरंगण्याची ताकद कमी-जास्त करता येईल अशी सोय केली. नळ्यांत हवा भरायची किंवा काढायची. मोठी पाणथळ २०२४ च्या ऑगस्टमध्ये लोकांसाठी उघडली, १०,००० चौरस फूट, ३२,००० च्या वर स्थानिक गवतं आणि झुडपं. पाणी साचून राहू नये म्हणून आत हवेचे बुडबुडे सोडून प्रवाह खेळता ठेवतात. आणि हे सगळं पाहायला मत्स्यालयाचे पगारी जीवशास्त्रज्ञ आहेत.

मी तिथे उभी राहून रातबगळे पाहिलेत. काम सुंदर आहे यात शंका नाही. पण बंदराचं पाणी त्या १०,००० फुटांनी साफ होईल असं तिथे कोणी म्हणत नाही. या बंदराच्या काठी पूर्वी मैलोनमैल खाऱ्या गवताची दलदल होती. ती गेली, त्यातला एक तुकडा परत आणून जीवांना जागा द्यायची आणि लोकांना दाखवायची, असा तो हेतू आहे. सांडपाण्याच्या वाहिन्या दुरुस्त करायचं काम शहर वेगळं करतंय, वेगळ्या पैशातून.

कंपनीला एकच विचारा. तिसऱ्या वर्षी वाफा जड झाला तर पाण्यात कोण उतरणार, आणि त्याचा खर्च करारात कुठे लिहिलाय?

निवळी :

दूरदेशी ताईंनी आणि भंडाऱ्याच्या भावांनी जे लिहिलंय ते ग्रामसभेत जसंच्या तसं वाचून दाखवा.

आता ताईंचे प्रश्न. काठावरचा प्लांट म्हणजे मोटार आणि ब्लोअर नव्हे. नाल्याच्या मुखाशी आधी एक जाळी आणि गाळ बसायची टाकी. त्यापुढे खडीने भरलेला उथळ हौद, खाली न झिरपणारा, आणि खडीत कर्दळ, पाणकणीस, नळ गवत असं लावलेलं. पाणी खडीच्या आतून सरकत जातं, वर दिसत नाही, त्यामुळे डास नाहीत आणि वासही फारसा नाही. उताराने चालतं, वीज लागत नाही. आपल्या उष्ण हवेत माणशी साधारण दोन चौरस मीटर धरा. तुमच्या १३५० माणसांना २७०० चौरस मीटर, म्हणजे २७ गुंठे. नाल्याच्या मुखाजवळ पंचायतीची किंवा गायरानाची तेवढी जागा आहे का, हा तुमच्या ग्रामसभेचा पहिला प्रश्न असायला हवा. निधीसाठी स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याचं काम बसतं का ते पंचायत समितीत विचारा. जागा अगदीच कमी असेल तर नाल्यातच दगड, काथ्या आणि झाडं यांचे आडवे बांध घालायची पद्धत आहे. पुण्याच्या सृष्टी इको-रिसर्च इन्स्टिट्यूटने उदयपूरच्या आहाड नदीत हरित सेतू या नावाने ती केली. पण जागा मिळत असेल तर खडीचा हौदच बरा.

जलपर्णीबद्दल तुमच्या मुलांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. नत्र ओढण्यात ती कर्दळीला हार जात नाही. फरक इतकाच की तिला खुंटी नाही. पोषक पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, सगळं तळं झाकते, खाली उजेड जात नाही, हवा मिसळत नाही. कापायची वेळ आपण ठरवतो ती वनस्पती कामाची, जी आपली वेळ ठरवते ती डोक्याला ताप. पण आहे तोवर तिचा उपयोग करून घ्या. ती ९५ टक्के पाणीच असते. २० टन ओली जलपर्णी बाहेर काढली म्हणजे एक टन सुका पाला, त्यात अंदाजे २० किलो नत्र. म्हणजे ४०० चौरस मीटर वाफे वर्षभर कापून जेवढं निघेल तेवढं जेसीबीच्या थोड्या फेऱ्यांत निघतं, अट एवढीच की ढीग काठावर ठेवायचा नाही. ट्रॉलीने लांब न्यायचा, शेणाबरोबर खड्ड्यात घालायचा. तुमच्या पंचायतीचा खर्च आधीच होतोय, ढिगाची जागा तेवढी बदलली तर तो सार्थकी लागेल. गुरांना मात्र हा पाला घालू नका, कर्दळीचा किंवा वाळ्याचाही नको. सांडपाण्यावर वाढलेला आहे.

थोडे वाफे करायचेच असतील, आणि पाणपाखरू ताईंच्या पक्ष्यांसाठी ते करावेत असं मलाही वाटतं, तर शाळेत करा. चार इंची पीव्हीसी पाइपची चौकट, टोकांना टोपणं, पाइप चिकटवायच्या पीव्हीसी सिमेंटने पक्की बंद. दर मीटर पाइपला साधारण आठ किलो वजन पेलतं. त्यातली निम्मी ताकद मोकळी ठेवा, कारण दूरदेशी ताईंनी सांगितलं तसा वाफा पुढे जड होतो. वर जाळी, जाळीत काथ्या, त्यात वाळा आणि कर्दळ. पाणकणीस उंच होतं, वाऱ्यात वाफा कलतो, ते काठाला लावा. थर्मोकोल नको. उन्हाने भुगा होतो आणि ते दाणे मासे गिळतात. उघडा बांबू पाण्यात लवकर कुजतो.

तुमच्या दुष्काळी भागात आणखी एक धोका आहे जो कंपनीच्या प्रस्तावात नक्की नसेल. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की वाफा तळाला टेकतो आणि मुळं गाळात रुततात. जूनमध्ये पाणी चढतं तेव्हा वाफा वर येत नाही, जागीच बुडतो किंवा फाटतो. म्हणून वाफा अशा ठिकाणी हवा जिथे भर उन्हाळ्यात मीटरभर तरी पाणी राहतं. दोराऐवजी खांब रोवून त्याला सैल कडी घाला, म्हणजे वाफा पाण्याबरोबर वर-खाली सरकेल आणि भोयांच्या जाळ्यात दोरही येणार नाही. आणि कधीही निम्म्याहून जास्त पाणी झाकू नका, नाहीतर जलपर्णीने जे होतं तेच वाफ्याने होईल. तुमच्या ४०० चौरस मीटरला ती भीती नाही, तो तळ्याचा फक्त एक टक्का आहे.

कंपनीशी करार झालाच तर पाण्याच्या तपासणीची वेळ त्यात लिहून घ्या. विरघळलेला प्राणवायू दुपारी तीनला मोजला तर हिरव्या तळ्यात तो भरपूरच दिसणार, शेवाळ दिवसभर तो तयार करत असतं. खरी परीक्षा सूर्योदयाआधीची, तुमचे मासे मेले तीच वेळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३ च्या वर चालत नाही. पोहण्याजोगं पाणी करू म्हणतात ना, मग पहाटेचा नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, हे दोन आकडे आणि सोबत मलजन्य कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू), ते गाठले की शेवटचा हप्ता.

तळ्याकाठी :

काका, नाल्याच्या मुखाजवळ जुन्या बैलबाजाराची जागा आहे, सध्या मोकळीच. ३० गुंठ्यांच्या आसपास भरेल असं तलाठी भाऊसाहेब म्हणाले, मोजणी करून घेऊ. भोईवाड्यात आज संध्याकाळी जाऊन आले. तळ्यात गवत्या आहे, दोन वर्षांपूर्वी बीज सोडलं होतं. जाळं कुठून ओढतात ते त्यांनी काठावरून हाताने दाखवलं, मी कागदावर काढून घेतलं. ग्रामसभेला संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार आहेत.

आता फक्त नाल्याला पाणी किती येतं ते विचारतील. ते मुलांकडून मोजून घेता येईल का? यंत्र काहीच नाही.

निवळी :

येईल की. नाल्याचा दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, जिथे तळ सारखा आहे. दोन्ही टोकांना काठी ठेवा. पाण्याची रुंदी आणि खोली तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी काढा. मग वरच्या काठीशी झाडाचं सुकं पान किंवा बूच टाका आणि खालच्या काठीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते बघा. पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या. समजा रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर आणि १०० सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.१ मीटर. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं म्हणून ०.८५ ने गुणा. ०.६ × ०.०५ × ०.१ × ०.८५, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर.

मुलांना काठावरच उभं करा, हातमोजे द्या, पाण्यात कोणी उतरायचं नाही. खोलीचं माप मोठ्या माणसाने घ्यायचं.

सकाळी सात ते नऊ सर्वांत जास्त पाणी येईल, ते माप घ्या. दुपारी एक, संध्याकाळी एक. बाजाराच्या दिवशी वेगळं. आणि गावातल्या कोणाला तरी रात्री दोनच्या सुमारास बॅटरी घेऊन पाठवा. त्या वेळी नाला जवळजवळ थांबलेला असायला हवा. तेव्हाही धार चालूच असेल तर ते सांडपाणी नाही, कुठेतरी नळयोजनेची वाहिनी गळतेय किंवा स्टँडपोस्टची (सार्वजनिक नळाची) तोटी गेलीय. ती आधी बंद करून घ्या, खडीचा हौद लहान लागेल आणि ३० गुंठ्यांत आरामात बसेल.